बंगळूर की हैदराबाद? पंधरा दिवसांत ठरवायचंय

तांबडफुटी

नमस्कार मंडळी. मी मूळची सोलापूरची, वय २७, गेली चार वर्षं पुण्यात डेटा इंजिनिअर आहे. आमच्या कंपनीने पुण्यातली टीम बंद करायचं ठरवलंय आणि आम्हाला दोन जागा देऊ केल्यात. पंधरा दिवसांत कळवायचं आहे.

बंगळूरला, इलेक्ट्रॉनिक सिटीत, मुख्य टीम आहे. काम मनासारखं: नवा प्लॅटफॉर्म पायापासून उभा होतोय, आणि ज्या बाईंच्या हाताखाली शिकावं असं मला पहिल्या दिवसापासून वाटतंय त्या तिथेच बसतात. हैदराबादला गच्चीबावलीत छोटी टीम आहे, काम बहुतांशी जुन्या सिस्टिम चालत्या ठेवण्याचं. पगार दोन्हीकडे सारखाच.

मग अडलंय कुठे? आईपाशी. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आई ५८ वर्षांची, सोलापुरात एकटी राहते, शुगर आहे. मागच्या दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. पुण्याहून पोचायला पाच तास लागले, आणि ते पाच तास मी अजून विसरले नाहीये. हैदराबाद सोलापूरहून साधारण तीनशे किलोमीटर. बंगळूर त्याच्या दुप्पट.

भाषेचं म्हणाल तर आमच्या गल्लीत निम्मी घरं तेलुगू, त्यामुळे तेलुगू समजतं आणि मोडकंतोडकं बोलता येतं. आजोळ अक्कलकोटकडचं, म्हणून कन्नड कानावरचं. पुण्यातच दुसरी नोकरी दोन महिने शोधली, जमलं नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

दोन्ही शहरांत राहिलेल्यांनी खरं खरं सांगा.

गुलबक्षी

हैदराबाद. आई एकटी आहे म्हटल्यावर दुसरा विचार कसला?

पाणंद

वाचतोय. माझ्यापुढे पुढच्या वर्षी हेच ताट येणार आहे.

बनशंकरीचा_भाडेकरू

बंगळुरात नऊ वर्षं झाली, त्यातली पाच इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. तेव्हा माझ्या अंगावर बेतलेलं तेवढंच सांगतो.

इथे शहर कसं आहे हा प्रश्न फसवा आहे. घर ते ऑफिस हा रस्ता कसा आहे, तेवढाच प्रश्न. मी पहिली तीन वर्षं मराठहळ्ळीला राहिलो, कारण मित्र तिथे होते. सकाळी सव्वासातला कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि सिल्क बोर्डच्या चौकात गाडी थांबली की उरलेली झोप काढायची. एकदा पावसात रात्री नऊला निघालेलो घरी पावणेबाराला पोचलो. त्या काळात मी नवीन काही शिकलो नाही, कुणाला भेटलो नाही. शनिवारी फक्त झोपायचो.

आता गोष्ट बदललीय. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची यलो लाईन सुरू झाली. आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रपर्यंत, १९ किलोमीटरच्या आसपास, सिल्क बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटी दोन्ही त्याच मार्गावर. तोच सिल्क बोर्ड आता वरून दोन मिनिटांत मागे पडतो. आर. व्ही. रोडला ग्रीन लाईन मिळते, म्हणजे जयनगर, बनशंकरीकडे राहूनही इलेक्ट्रॉनिक सिटी गाठता येते. तेव्हा ऑफिस तिथे असेल तर जुन्या लोकांच्या ट्रॅफिकच्या कथांनी घाबरू नकोस. व्हाइटफील्ड किंवा रिंग रोडवर ऑफिस असतं तर मीच 'नको' म्हटलं असतं.

घराबद्दल मात्र सावध राहा. पूर्वी दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागायचे, आता बऱ्याच ठिकाणी पाच-सहावर आलंय, पण तेही पुण्याच्या हिशेबाने जास्तच. आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापतात. माझ्या पहिल्या घरमालकांनी बैठकीच्या खोलीतल्या एका खिळ्याच्या भोकावर बोट ठेवलं, बोट गोल फिरवलं आणि म्हणाले, फुल पेंटिंग. पूर्ण एक महिन्याचं भाडं गेलं. मी गणपतीचं कॅलेंडर लावलं होतं त्या खिळ्याला.

चारमिनारकर

हैदराबादची बाजू मांडतो. सहा वर्षं कोंडापूरला आहे, ऑफिस गच्चीबावलीपासून जवळ.

आधी वाईट ते सांगतो. गच्चीबावली आणि फायनान्शियल डिस्ट्रिक्टपर्यंत मेट्रो पोचलेली नाही. नागोलेहून येणारी ब्लू लाईन रायदुर्गला संपते, पुढे रिक्षा, कॅब नाहीतर स्वतःची गाडी. म्हणजे बनशंकरीवाल्यांचा मुद्दा इथे उलट लागतो: मेट्रो आहे, पण नेमकी तुझ्या ऑफिसला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पण सोलापूरच्या मुलीला उन्हाचं काय सांगायचं!

चांगलं म्हणजे त्याच पैशात मोठं घर मिळतं, डिपॉझिट बहुतेक दोन महिन्यांचं. ऑफिसपासून चार-पाच किलोमीटरवर राहायला जागा मिळू शकते. हिंदी सगळीकडे चालते, तुला तर तेलुगूही येतं, म्हणजे घरमालकीण अर्धी जिंकलीस. रात्री उशिरा घरी यायचं असेल तर पोलिसांची 'शी टीम्स' पथकं २०१४ पासून आहेत, माझ्या बायकोने एकदा फोन केला होता आणि माणसं खरोखर आली.

मराठी माणूसही परका नाही इथे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे इथल्या मराठी घरांची मुळं तीन-चार पिढ्यांची आहेत. त्यांच्या शाळा आहेत, ग्रंथालय आहे, साहित्य परिषद आहे. माझ्या मुलीची मराठीची शिकवणी घेणाऱ्या आजी इथेच जन्मल्या, त्यांनी महाराष्ट्रात एकही वर्ष काढलेलं नाही, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा नीटस आहे.

हुरडा_पार्टी

'नक्को' म्हणणारं शहर आपलंच की हो. दख्खनीतला, म्हणजे हैदराबादी उर्दूतला नक्को आणि वाक्यात जोर द्यायला लावतात तो 'इच', दोन्ही मराठीतून गेलेले. 'वैसाइच है' हे 'तसंच आहे'चं मावसभावंड.

कृष्णाकाठ

मग बंगळूर काय परकं आहे? शहाजीराजांची जहागीर होती ती. आणि कानडीने मराठीला इतके शब्द दिलेत की आपण अर्धा स्वयंपाक कानडीतून करतो. अडकित्ता, तूप... काढा यादी.

हुरडा_पार्टी

@कृष्णाकाठ, वेगळा धागा काढा, मी येतो. अण्णा, अक्का, ताई यांच्यावरून तिथे निवांत भांडू.

नळदुर्ग_नाका

ताई, मी उमरग्याचा. हैदराबादेत सात वर्षं नोकरी केली, आता गावी आलोय. मी फक्त रस्त्याचं सांगतो.

२०१९ च्या जूनमध्ये रात्री साडेदहाला भावाचा फोन आला, वडिलांच्या छातीत दुखतंय, सोलापूरला हलवतोय. मी आणि माझा रूममेट लगेच गाडी काढून निघालो. संगारेड्डी, जहिराबाद, हुमनाबाद. जहिराबादच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो तर माझ्या हाताला इतका कंप होता की रूममेटने कप धरला आणि मी प्यालो. पहाटे चारच्या आत सोलापुरात दवाखान्याच्या पायऱ्या चढलो. वडील शुद्धीवर होते. मला बघून म्हणाले, गाडी कुणी चालवली? सकाळी नऊला गेले.

पाच तास मिळाले मला. बंगळुरात असतो तर मिळाले नसते. मी कुणाला सल्ला देत नाही. पण नॅशनल हायवे ६५ हा माझ्यासाठी नुसता रस्ता नाही.

गुलबक्षी

@नळदुर्ग_नाका, वाचून गलबलून आलं. दादा, तुम्ही पोचलात हे महत्त्वाचं.

खडीसाखर

मी या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. नळदुर्गदादा, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितेय.

माझं वय आता ५२. १९९९ मध्ये मला मुंबईत एका संशोधन प्रयोगशाळेत जागा मिळाली होती. वडिलांना अर्धांगाचा सौम्य झटका आलेला होता, आम्ही सांगलीला. मी जागा सोडली आणि गावात एका कॉलेजात लागले. सगळ्यांनी कौतुक केलं. वडील पुढे एकोणीस वर्षं जगले, चांगले हिंडतेफिरते. त्यातली पहिली पंधरा त्यांना माझी तशी गरज नव्हती. ते रोज सकाळी मित्रांबरोबर फिरायला जायचे, पेपर वाचायचे, पत्ते कुटायचे, आणि मी शेजारच्या खोलीत बसून पेपर तपासायचे. शेवटच्या चार वर्षांत गरज पडली, तेव्हा मी होतेच. पण तेव्हा कुठूनही आले असते.

वडिलांवर माझा कधीच राग नव्हता. राग या गोष्टीचा आहे की त्यांना काय हवंय हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. त्यांच्या आजारपणाने ठरवलं आणि मी मान डोलावली. खूप उशिरा, २०१५ च्या सुमाराला, ते सहज बोलून गेले की तू मुंबईला गेली असतीस तर मी दर महिन्याला नाटक बघायला आलो असतो.

तांबडफुटी, तुझ्या सगळ्या पोस्टमध्ये आईचं शुगर आहे, मनगट आहे, अंतर आहे. आईचं म्हणणं कुठे आहे?

पाणंद

खडीसाखर ताई, हे वाचून मी आत्ता घरी फोन लावला.

चारमिनारकर

ताई, मुद्दा मान्य. पण तुमच्या वेळी निवड नोकरी की घर अशी होती. इथे दोन्हीकडे नोकरी आहे, पगार एकच. मग जवळचं शहर का नको?

खडीसाखर

@चारमिनारकर, कारण तिनेच लिहिलंय की हैदराबादला जुन्या सिस्टिम चालत्या ठेवायच्या आहेत. सत्ताविसाव्या वर्षी दोन वर्षं तेच केलं तर तिसऱ्या वर्षी बायोडेटात काय लिहिणार? पगार आज सारखा आहे. चार वर्षांनी नसेल.

इडलिंबू

इथे मी खडीसाखर ताईंशी थोडी असहमत. मी दोन्ही शहरांत काम केलंय, भरतीच्या मुलाखतीही घेते. हैदराबाद म्हणजे दुय्यम काम असं आता राहिलेलं नाही. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभी राहिली, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इथे विकास केंद्र काढलं, त्यानंतर मोठ्या नावांपैकी फारसं कुणी यायचं राहिलं नाही. बंगळुरात छोट्या नव्या कंपन्या जास्त, त्यामुळे नोकरी बदलताना पर्याय जास्त, हे खरं. पण प्रश्न शहराचा नाहीये, तुझ्या टीमचा आहे. तेव्हा हैदराबादच्या मॅनेजरला सरळ विचार: वर्षभरात या टीमकडे नवीन काय येणार आहे, आणि मागच्या दोन वर्षांत इथून किती जणांना मुख्य टीममध्ये घेतलं? आकडा सांगता आला नाही तर उत्तर तुला मिळालं.

आणि दोन्हीकडे जाऊन ये. शनिवार-रविवारी नको, त्या दिवशी सगळी शहरं गोड वागतात. मंगळवारी सकाळी साडेआठला, जिथे राहशील असं वाटतं तिथून ऑफिसच्या दारापर्यंत जा. संध्याकाळी परत ये, वाटेत भाजी घे, रूमवर येऊन बस. मग तुझं तुलाच कळेल.

बनशंकरीचा_भाडेकरू

मंगळवारचा सल्ला सोन्यासारखा. शिवाय बंगळुरात उन्हाळ्यात ये किंवा निदान पाण्याचं विचारून घे. २०२४ च्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत आंघोळीच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणतात, आणि ज्या भागात ती नळजोडणी नाही तिथे बोअर आटला की टँकर. घर बघताना विचारायचं: कावेरी आहे का? इथे घरमालकही जाहिरातीत ठळक अक्षरात लिहितात.

दोनचाकी

अवांतर, पण पुण्याची गाडी नेणार असशील तर: दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. आधी पुण्याच्या आरटीओची एनओसी, मग तिथला रोड टॅक्स, आणि इथे भरलेल्या टॅक्सच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. कर्नाटकात हा टॅक्स बराच बसतो. कंपनीची चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर नवीन गाडीला बीएच सिरीज (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) मिळते, २०२१ पासून. जुनी स्कूटर असेल तर आईकडे ठेव किंवा विकून टाक.

तांबडफुटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस इथे आले नाही कारण इडलिंबू ताईंचं ऐकून खरंच दोन्हीकडे जाऊन आले. नळदुर्गदादा, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. काय लिहू कळत नाही, पण ती माझ्यापाशी राहील.

आधी हैदराबाद. मॅनेजर सज्जन माणूस. वर्षभरात नवीन काय येणार, हे विचारल्यावर ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, तुला खोटं सांगणार नाही, अजून काही ठरलेलं नाही. मुख्य टीममध्ये मागच्या दोन वर्षांत इथून एकजण गेला. शहर मला आवडलं. रिक्षावाल्याशी तेलुगूत बोलले तर त्याने विचारलं, सोलापूर का? आमच्याकडचं तेलुगू तिथल्या लोकांना लगेच ओळखू येतं म्हणे.

बंगळूरला मंगळवारीच गेले. जयनगरला मैत्रिणीकडे उतरले होते. आर. व्ही. रोडला गर्दी होती, पण गाडी बदलून ऑफिसच्या दारात वेळेत पोचले. त्या बाईंबरोबर दोन तास बसले. त्यांनी मला फळ्यावर एक गणित मांडून दिलं आणि मी ते चुकवलं, आणि कुठे चुकलं ते त्यांनी असं समजावलं की परतीच्या गाडीत मी वहीत पुन्हा सोडवत बसले.

आणि आई. खडीसाखर ताई, तुमच्या प्रश्नानंतर मी सोलापूरला जाऊन तिच्यासमोर बसले आणि विचारलं. ती शेंगा भाजत होती, चटणीसाठी. झारा थांबवलाच नाही. म्हणाली, "हैदराबादला गेलीस की तू दर शनिवारी येणार. मग माझी भिशी कधी, भजन कधी? तू पुण्याहून यायचीस तेव्हाही मी दोनदा भजन चुकवलंय, तुला सांगितलं नाही." मी म्हटलं, आणि पुन्हा पडलीस तर? तर म्हणाली, "पडले तेव्हा तू आलीस पाच तासांनी. काकू आल्या पाच मिनिटांत. काकूंशी नीट वाग."

मला रडूच आलं. मग आम्ही दोघींनी कागद घेतला. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना धरायचे दांडे आणि खडबडीत फरशी, पुढच्या आठवड्यात माणूस येतोय. किल्ली काकूंकडे आणि खालच्या मेडिकलवाल्या दादांकडे. शुगरची तपासणी दर तीन महिन्यांनी, रिपोर्ट माझ्या फोनवर. महिन्यातून एकदा मी येणार, उद्यान एक्स्प्रेसने, रात्री बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सोलापूर. आणि पावसाळ्यात महिनाभर ती बंगळूरला येणार. तिथली हवा तिला मानवेल असं तीच म्हणते, मी अजून बोललेही नव्हते.

बंगळूर कळवलं काल. दीड वर्षाने पुन्हा बघू असं आमचं दोघींचं ठरलंय.

नळदुर्ग_नाका

ताई, बरोबर केलंत. काकूंचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. आणि सोलापुरात रात्री-अपरात्री काही लागलं तर मला संदेश टाका, मी उमरग्यात आहे, दीड-दोन तासांत पोचेन.

खडीसाखर

आईला माझा नमस्कार सांग. आणि तिचं भजन चुकवू नकोस.

गुलबक्षी

मी पहिल्याच ओळीत हैदराबाद म्हणाले होते. मागे घेते. माझी आई म्हणतेय, तिलाही भिशीचं कुणी कधी विचारलं नाही.

तांबडफुटी

बनशंकरीदादा, आता तुमच्याकडे काम. एक तारखेच्या आत एक खोली-स्वयंपाकघर हवंय, मेट्रोपासून चालत, कावेरीचं पाणी असलेलं. आईला वर चढवणार नाही, तेव्हा तळमजला किंवा लिफ्ट. काय बघू?

बनशंकरीचा_भाडेकरू

जयनगर चौथा ब्लॉक ते बनशंकरी, ग्रीन लाईनच्या दोन्ही अंगाला गल्ल्या पालथ्या घाल, 'टू-लेट'च्या पाट्या अजूनही गेटवर लावतात तिथे. रविवारी सकाळी मी आणि बायको बरोबर येतो, तिला कन्नड चांगलं येतं. आणि किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून घरमालकाला पाठव. खिळ्यांसकट.